दादर ते परळ, वीस तास

आपल्या कॉलनीच्या वार्षिक अंकात दरवर्षी एक प्रवासवर्णन असतं. गेल्या वर्षी युरोप होतं, त्याआधी अंदमान, त्याच्याही आधी नर्मदा परिक्रमा. या वर्षी अंकाचं काम बघणाऱ्या वसुधाताईंनी मला जिन्यात गाठलं. "मे महिन्यात तुम्ही कुठेतरी जाऊन आलात ना, त्यावर लिहा," म्हणाल्या. मी मुंबईला जाऊन आले होते. नाशिकहून मुंबई हा काही प्रवास नव्हे, आपल्यातले निम्मे लोक सकाळी जाऊन संध्याकाळी परत येतात. तरी लिहायचं तर हेच लिहीन असं मी त्यांना सांगितलं, आणि मग आठवडाभर पेनाला हात लावला नाही.

निघाले त्या सकाळी फाटकाशी तुमच्यातल्या दोघी-तिघी भेटल्या होत्या. कुठे, विचारलंत. मी म्हटलं, मुंबईला, काम आहे. ते काम म्हणजे माझी थोरली बहीण. तुम्ही तिला पाहिलं आहे. अकरा वर्षांपूर्वी आमची वास्तुशांत झाली, तेव्हा पांढऱ्या साडीतल्या एक उंच बाई तुम्हाला पाण्याचे पेले आणून देत होत्या. कुणीतरी मला विचारलं, या कोण? मी म्हणाले, "शेजारी होत्या आमच्या, मुंबईला." ती माझ्यापासून दोन हातांवर उभी होती. तिने ऐकलं, ट्रे पुढच्या माणसासमोर नेला, संध्याकाळच्या गाडीने गेली आणि पुन्हा आली नाही. मीही गेले नाही. वर्षातून दोनदा फोन व्हायचा. बरी आहेस ना, बरी आहे, एवढं बोलून ठेवायचो.

आम्ही बौद्ध आहोत. हे इथेच लिहून टाकते, पुढे धीर होईल न होईल. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, त्यावरून कुणाला काही कळत नाही, आणि या न कळण्याचा आम्ही नवरा-बायकोने पुरेपूर फायदा घेतला. सुरुवात हौसेने झाली नव्हती. यांची नाशिकला बदली झाली तेव्हा भाड्याची दोन घरं ठरून मोडली, आणि का मोडली ते आम्हाला नीट ऐकवण्यात आलं. तिसऱ्या घरमालकाला आम्ही काही सांगितलं नाही. पुढे स्वतःचं घर झालं, तरी सांगायचं राहूनच गेलं. त्या वास्तुशांतीला आक्काने बुद्धाची तसबीर आणली होती. ती मी बेडरूममध्ये लावली, जिथे तुम्ही कुणी येत नाही.

एप्रिलअखेर भाचीचा, प्रज्ञाचा फोन आला. परळची चाळ आता पाडणार, जूनमध्ये खोल्या रिकाम्या करायच्या. बुद्ध पौर्णिमेला अंगणात खीरदान होतं (खीर करून येईल त्याला वाटायची), ते यंदा त्या अंगणातलं शेवटचं. "आई काही बोलणार नाही," ती म्हणाली, "पण मावशी, तू ये." मी हो म्हटलं. आक्काची माफी मागायची आणि तिला चार दिवस माझ्या घरी घेऊन यायचं, असं मनाशी ठरवून मी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी निघाले.

गाडी अकराला दादरला पोचली. तिथून परळ टॅक्सीने दहा मिनिटं. मला वीस तास लागले.

आधी स्टेशनजवळच्या एका लॉजमध्ये खोली घेतली, कारण बॅग घेऊन थेट दारात उभं राहणं बरं दिसणार नाही असं वाटलं. मग आठवलं की पौर्णिमेला सगळ्या बायका पांढरी साडी नेसतात आणि माझ्याकडे पांढरी साडी नाही. म्हणून बाजारात शिरले. मे महिन्यातला दादरचा बाजार ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. फुलगल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती, झेंडू आणि घाम यांचा एकत्र वास येत होता, आणि हापूसच्या पेट्यांवरून उड्या मारत मी एका साडीच्या दुकानात पोचले. दुकानदाराला म्हटलं, सुती, पांढरी, साधी. तो म्हणाला, "उद्याच्या पौर्णिमेसाठी ना, ताई? निळी किनार दाखवतो."

"नाही हो," मी म्हणाले, "शाळेत कार्यक्रम आहे."

मे महिन्यात शाळा. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि निळ्या किनारीचीच साडी काढून समोर ठेवली. मी मुकाट्याने तीच घेतली. बाहेर येऊन रसाच्या दुकानातल्या बाकावर बसले आणि स्वतःला मनसोक्त शिव्या घातल्या. त्या दुकानात मला कोण ओळखत होतं? कुणाचं घर जाणार होतं? खोटं बोलायला आता कारणसुद्धा लागत नव्हतं, ते आपोआप तोंडातून येत होतं. याची मला त्या बाकावर बसून खरोखर भीती वाटली.

तरी तेव्हाच उठून परळला गेले असते तर मी शहाणी. मी गिरगावची बस पकडली. स्वतःला सांगितलं की इतक्या वर्षांनी आलोच आहोत तर ठाकूरद्वार पाहू. विसाव्या वर्षी माझी पहिली नोकरी तिथल्या एका ऑफिसात होती, टायपिस्टची. त्या इमारतीच्या जागी आता काचांचा उंच टॉवर आहे. रस्त्याखालून मेट्रो धावते म्हणे. पण आतल्या गल्लीत वळलं की वाड्या (एकाच फाटकाआड दाटीने वसलेल्या जुन्या चाळी) अजून तशाच आहेत, दोऱ्यांवर कपडे, दारात रांगोळी, गॅलरीत कुणीतरी खुर्ची टाकून रस्ता बघत बसलेलं.

त्यातल्या एका वाडीच्या तोंडाशी मी थांबले. ऑफिसातल्या मैत्रिणीकडे मी इथे हळदीकुंकवाला आले होते. तिच्या आईने मला हळदीकुंकू लावलं, डोक्यात गजरा माळला आणि विचारलं, तुम्ही कुठल्या? मी म्हणाले, रत्नागिरीकडची. ते खरंच होतं. पुढचं मी गिळलं. त्यांनी हसून माझ्या हातावर आणखी एक तिळाचा लाडू ठेवला, आणि मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू. त्या संध्याकाळी घरी जाऊन मी आक्काला सगळं सांगितलं, लाडवाची चव, गजऱ्याची वीण, त्यांच्या घरातला झोपाळा. एवढी आनंदात असलेली ती मुलगी मला त्या फाटकाशी फार आठवली. तिला परत बोलावून घ्यावं आणि उरलेलं वाक्य बोलायला लावावं असं वाटलं.

दुपारी कोपऱ्यावरच्या जुन्या उपाहारगृहात बसले. कोथिंबीर वडी मागवली आणि पियुष (श्रीखंडाचं पातळ, पिण्याजोगं रूप). जागा नव्हती म्हणून समोर एक ऐंशीच्या आसपासचे गृहस्थ येऊन बसले, थालीपीठ मागवलं आणि गिरगावकराच्या हक्काने चौकशी सुरू केली. एकट्याच का, कुठून आलात, मूळच्या कुठल्या. मी म्हणाले, "परळची. तिथल्या बौद्धांच्या चाळीतली." इतक्या सरळ मी हे वाक्य आयुष्यात उच्चारलं नव्हतं. ते क्षणभर थांबले, मान हलवली आणि म्हणाले, "ते मीठ जरा इकडे करा."

मी मीठ दिलं. त्यांच्या मनात काय आलं ते मला माहीत नाही, कदाचित काही आलंही असेल. पण छत काही कोसळलं नाही. पियुष गोड होतं आणि मी ते सगळं संपवलं.

संध्याकाळी टॅक्सीने परत दादरला निघाले. लालबागच्या अलीकडे ड्रायव्हरने विचारलं, "ताई, पुलावरून घेऊ की खालून? खालून गेलं की परळ लागतं, सिग्नल लय टाइम खातो." मी म्हणाले, पुलावरून. पुलावरून चाळींची कौलं दिसतात, मधूनच उगवलेले टॉवर दिसतात, आणि एका ठिकाणी, डोळ्याचं पातं लवायच्या आत, आमच्या अंगणातलं पिंपळाचं टोक दिसतं. मी खिडकीला नाक लावून बघितलं. ड्रायव्हर म्हणाला, तिकडे जायचं होतं का? मी म्हटलं, उद्या.

आई गेली तेव्हा मी पाच वर्षांची होते आणि आक्का चौदाची. तिची शाळा चौथीतच सुटली होती. मोठी झाल्यावर एका हॉस्पिटलात आया म्हणून लागली, आणि त्या पगारात मी मॅट्रिक झाले, टायपिंग शिकले. ड्यूटीवरून आली की तिच्या पदराला फिनेलचा वास यायचा. मी त्या पदरात तोंड खुपसून झोपायचे. पुलावर बसल्या-बसल्या मला तो वास हवा होता. या वयात, डोळ्यांना मोतीबिंदूची सुरुवात झालेली असताना, मला माझी बहीण हवी होती, आणि ती शंभर पावलांवर असून मी टॅक्सी थांबवत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी अंगणात पोचले. नवी साडी खळीने कडक झाली होती आणि चालताना आवाज करत होती. पिंपळाखाली सतरंज्या घातलेल्या, पाटावर बुद्धमूर्ती, मेणबत्त्या अजून लावायच्या होत्या. भिंतीशी मोठ्या शेगडीवर टोप (मोठं पातेलं) चढला होता, आणि त्याच्याजवळ प्लास्टिकच्या खुर्चीवर, गुडघ्यावर हात ठेवून, आक्का बसली होती. केस सगळे पांढरे. उंची मात्र बसलेली असूनही कळत होती. दोघा-तिघांनी मला जयभीम घातला, मी हात जोडून जयभीम म्हटलं. आक्काने मान वळवली.

"आलीस?" ती म्हणाली. "चपला तिकडं काढ. हे धर." आणि तिने लांब दांड्याचा कालथा माझ्या हातात दिला.

मी वीस तास तयार केली होती ती सगळी वाक्यं गेली. मी ढवळायला लागले. दोनशे माणसांची तांदळाची खीर ढवळणं हे खांद्याचं काम आहे. दर चार वळशांनी कालथा तळाला टेकवून खरवडत फिरवायचा, नाही तर दूध धरतं. हे मला लहानपणापासून माहीत होतं. पाचेक मिनिटं आम्ही दोघी टोपात बघत राहिलो. मग मी बोलायला सुरुवात केली. वास्तुशांतीचं, पाण्याच्या ट्रेचं, मी काय म्हणाले त्याचं. लाज वाटते, असं म्हणाले. आवाज फार बरा नव्हता.

"मला ऐकू आलेलं," आक्का म्हणाली. "हॉस्पिटलात लोक मला 'ए बाई' बोलायचे. तीस वर्षं. त्याचं कधी काय वाटलं नाय. तू शेजारी बोललीस त्याचं वाटलं. अजून वाटतं."

मी ढवळत राहिले. तिने पदराने कपाळ पुसलं. मग म्हणाली, "पण नंदे, तुला शिकवलं कुणी? तू पयल्यांदा हापिसात निघालीस, तुझी वेणी घालताना मीच बोलले. कुणी विचारलं तर गाव सांग, पुढचं सांगू नको. पोरीला त्रास नको, म्हणून. घाबरले मी. तू जन्मभर माझंच ऐकलंस, मग तुझ्यावर रागवू कशी? आणि राग तर येतो. मी तरी काय करू?"

मी ते पार विसरले होते. तिने सांगितल्यावर वेणीचा ताण डोक्याला जाणवला, इतकं ते आठवलं. इतकी वर्षं मी एकटीच गुन्हेगार म्हणून फिरत होते, आणि इकडे ही बाई त्याच गोष्टीसाठी स्वतःला बोल लावत बसली होती. मी तिच्याकडे बघतच राहिले. माझा हात कधी थांबला ते मला कळलं नाही. कळलं ते वासाने.

प्रज्ञा धावत आली. "मावशी, तळ लागला!" बायका जमल्या. कुणी म्हणालं पाणी घाला, कुणी म्हणालं वेलदोडा जास्त टाका. मी कालथा तळाशी घालून जोरजोरात खरवडायला निघाले, तर आक्काने माझं मनगट धरलं. "तळाला हात लावू नको. वरची हळूच दुसऱ्या टोपात काढा. लागली तर लागली." बायकांनी तसं केलं. वास तरी राहिलाच. दोनशे माणसांची खीर, त्या अंगणातली शेवटची, आणि अकरा वर्षांनी आलेल्या पाहुणीने ती जाळली.

वंदनेला मी आक्काशेजारी बसले. तिचा आवाज अजून खणखणीत आहे, ती पुढे म्हणते आणि अंगण मागून म्हणतं. त्रिशरण झालं, पंचशील सुरू झालं. सगळं मला पाठ होतं, जिभेवरून गेलं नव्हतं. तीन शीलं म्हटली. चौथं खोटं न बोलण्याचं. ते मला म्हणवेना. आक्का डोळे मिटून होती, पण पुढचं शील तिने लगेच उचललं नाही. तिला श्वास लागला असेल, किंवा माझ्यासाठी थांबली असेल, मी विचारलं नाही. तेवढ्या वेळात मी चौथं शील हळू आवाजात पूर्ण केलं. पुन्हा खोटं बोलणार नाही असं मी तेव्हा मनात म्हटलं नाही, कारण मी स्वतःला ओळखते. एवढंच मागितलं की बोलले तर लक्षात येऊ दे.

मग वाटप. आक्का खुर्चीवर बसून पळीने वाढत होती, मी द्रोण पुढे करत होते. रांगेत समोरच्या चाळीतले तावडेकाका होते, पूर्वीचे गिरणीतले, मूळचे कणकवलीकडचे. दर बुद्ध पौर्णिमेला ते स्टीलचा डबा घेऊन येतात, आणि गणपतीत त्यांच्या घरचे मोदक आक्काकडे जातात, हे प्रज्ञाने मला सांगितलं. त्यांनी उभ्या-उभ्या एक घोट घेतला आणि मोठ्याने आक्काला म्हणाले, "इंदू, खीर लागली गो आज."

मागच्या रांगेने माना वर केल्या. आक्काने पळी टोपात ठेवली, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "माझ्या बहिणीने ढवळली. सख्खी. धाकटी."

तावडेकाकांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि डबा पुन्हा पुढे केला. "मग अजून एक पळी घाल," म्हणाले.

मला रडू आलं. तिथेच, द्रोणांच्या चवडीशी, सगळ्यांसमोर. रांग थांबली नाही, लोक माझ्या हातातून द्रोण घेत पुढे जात राहिले आणि ती जळकट खीर खात राहिले. दुपारी बारापर्यंत टोप रिकामा झाला.

लागलेला टोप मी घासला. प्रज्ञा नको नको म्हणत होती, आक्का म्हणाली, "घासू दे तिला." नळाशी बसून नारळाच्या शेंडीने आणि राखेने दीड तास घासला. नवी साडी काळी झाली. आक्का खुर्ची ओढून जवळ बसली आणि मला नव्या जागेचं सांगत राहिली, किती मजले, लिफ्ट कुठे, पिंपळाचं काय करणार ते कुणालाच कसं माहीत नाही. तिच्या पदराला आता फिनेलचा वास येत नाही. मी मुद्दाम वाकून बघितलं.

निघताना मी म्हणाले, "आक्का, चल माझ्याबरोबर. चार दिवस."

तिने आधी माझ्या साडीच्या निऱ्या हाताने सारख्या केल्या, मी लहान असताना करायची तशा. मग विचारलं, "तिथं मी कोण म्हणून येऊ, नंदे?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. ती खरंच विचारत होती. मी तोंड उघडलं, पण तिथे दिलेल्या उत्तराचा काही उपयोग नव्हता हे आम्हा दोघींनाही कळत होतं. अंगणात तर ती मला सगळ्यांसमोर बहीण म्हणून मोकळी झाली होती. मी तिच्या पाया पडले आणि एकटीच निघाले. परतीच्या गाडीत इगतपुरीपर्यंत खिडकीबाहेर बघत होते आणि काहीही बघत नव्हते.

फाटकाशी वसुधाताई भेटल्या. काम झालं का, त्यांनी विचारलं. मी म्हणाले, झालं. हे खोटं होतं, आणि या वेळी ते बोलता-बोलताच माझ्या लक्षात आलं.

आक्का चौथी शिकलेली आहे. छापलेल्या ओळीखाली बोट ठेवून सावकाश वाचते, एकही शब्द सोडत नाही. हा अंक निघाला की पहिली प्रत मी तिला पाठवणार आहे. तिच्या प्रश्नाचं उत्तर मी तिला फोनवरही देऊ शकले असते. पण तिला नाकारलं होतं ते तुमच्यासमोर, म्हणून उत्तरही तुमच्यासमोरच द्यायला हवं. हे वाचून तुमच्यातलं कुणी माझ्याकडे चहाला यायचं थांबेल, कुणी थांबणार नाही. दोन्ही मी समजून घेईन. तिचे गुडघे दुखतात, ती येईलच असं नाही. तरी दार उघडं आहे.

आक्का, बहीण म्हणून ये.